शशिकांत, दार उघड

"शशिकांत, दिवा लाव," निरू म्हणाला, आणि स्वयंपाकघरातला दिवा लागला.

आईनं हातातली पळी ओट्यावर आपटली. "बापाला अरेतुरे करतोस? जर्मनीत हेच शिकवतात होय रे?"

माझा धाकटा भाऊ निरंजन शिडीवर उभा राहून छताजवळ एक गोल डबी बसवत होता. त्या डबीत माइक आणि स्पीकर होता. तशीच एक हॉलमध्ये आणि एक फाटकापाशी होती. या सगळ्यांचा मेंदू म्हणजे टीव्हीखालच्या कपाटात ठेवलेला एक काळा खोका. निरू त्याला सर्व्हर म्हणायचा. दिवे, पाण्याची मोटर, फाटकाचं आणि घराचं कुलूप, आईची भजनं, औषधाची आठवण, फोन लावणं, अशी एकेक कामं तो खोका करणार होता. निरूच्या भाषेत त्या सर्व्हिसेस. त्यासाठी त्याला नावानं हाक मारायची आणि काम सांगायचं.

"मी मशीनशी बोलतोय आई, बाबांशी नाही."

"मग त्याला ह्यांचं नाव कशाला?"

"तुला सरप्राइज म्हणून," निरू शिडीवरून उतरत म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. लहानपणी चित्र काढून आणायचा आणि मी त्यातल्या चुका दाखवायचे, तेव्हा पडायचा तसा. मी फटकळ आहे, पण त्या क्षणी मलाही त्याची दया आली.

बाबांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. शशिकांत आवटी, रेल्वेत गार्ड. निवृत्त झाल्यावर मिरजेत स्टेशनाच्या पाठीमागं त्यांनी हे घर बांधलं. गाड्यांचे आवाज ऐकू आल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत बसून ते पेपर वाचायचे. आई आतून "अहो" म्हणायची आणि ते पेपरातून डोकं न काढता "बोला" म्हणायचे. आमच्या घरात दिवसभर हे चालायचं. निरूनं तेही लक्षात ठेवलं होतं. खोक्याला हाक मारली की तो आधी "बोला" म्हणायचा. आवाज बाबांचा नव्हता, दुकानातून येतो तसलाच गुळगुळीत पुरुषी आवाज होता. पण शब्द तो होता.

बाबा गेले त्याच सुमाराला आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच. दुसऱ्यातून समोरचं बांगडीएवढं दिसायचं, बाकी काळोख. मोबाइलवरची अक्षरं तर लांबच राहिली. मी कोल्हापुरात, तिसऱ्या मजल्यावर, शाळेतली नोकरी, घरात आजारी सासूबाई. निरू परदेशात. त्यानं पुण्याजवळ ज्येष्ठांसाठीच्या एका संस्थेत आईसाठी खोली बघून ठेवली होती. आम्ही तिला ती दाखवायलाही नेलं. परत येताना गाडीत ती एकच वाक्य बोलली. "तिथं सगळे दारात खुर्च्या टाकून जेवणाच्या घंटेची वाट बघत बसलेत." मग मिरज येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. खिडकीतून तिला दिसत काहीच नव्हतं.

म्हणून मग हा तोडगा निघाला. घरच असं करायचं, की आईला नुसतं बोलून सगळं करता येईल. निरूनं रजा काढली, दिवाळी धरून आला आणि रात्रंदिवस वायरी ओढत बसला. अट एकच होती आणि ती त्यानं आईला स्पष्ट सांगितली. "हे जमलं तर तू इथंच राहायचं. पण तू पडलीस, लागलं, काही झालं आणि कुणाला कळवता आलं नाही, तर मात्र मी ऐकणार नाही. मग पुणं."

"जमेल की," आई लगेच म्हणाली. "न जमायला काय झालं?"

आणि आता त्या यंत्राला हाक मारायची तर नवऱ्याचं नाव घ्यायला लागणार होतं.

आजच्या मुलींना हे सांगितलं तर हसतील. त्या नवऱ्याला नावानं हाक मारतात, एकेरीत, सासूसमोर. आमच्या आईनं पन्नास वर्षांच्या संसारात बाबांचं नाव असं सरळ उच्चारलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तर ती मला पुढं करायची. दवाखान्यात डॉक्टरांनी पेशंटचं नाव विचारलं, तेव्हा बाबांना ऑक्सिजन लावलेला होता, तरी ती माझ्याकडं बघत राहिली. कुणी तिच्यावर सक्ती केलेली नव्हती. बाबा तर चेष्टाच करायचे. पण ते तिच्या जिभेतच नव्हतं.

"निरू, नाव बदल," मी म्हटलं. "'अहो' ठेव. ती दिवसभर तेच म्हणायची."

"ताई, ते फार छोटं आहे, तेवढ्यात आवाज कुणाचा ते यंत्राला कळत नाही. आणि टीव्हीवरच्या मालिकांत मिनिटाला एक बाई 'अहो' म्हणते. मोटर चालू-बंद होऊन जळून जाईल."

"मग विठ्ठल ठेव."

"आणि भजनं लागली की?"

यावर आईसुद्धा हसली. निरूला तेवढंच हवं होतं. तो तिच्या पायाशी बसला. "आई, नाव घेता येत नाही असं कुठंय? हळदीकुंकवाला घ्यायचीस की. उखाण्यात घे."

"आता कसला उखाणा, जा तिकडं."

"घे गं. एकदाच."

आईनं पदर सारखा केला. शेजारच्या आंबेकरवहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या, त्याही आग्रह करायला लागल्या. आईला उखाणे जागच्या जागी सुचायचे, गल्लीत त्यासाठी ती प्रसिद्धच होती. ती म्हणाली,

"लेकानं आणलं यंत्र, त्याला हात ना पाय,
शशिकांतरावांचं नाव घेते, आता पुढं काय?"

डबीवर निळा दिवा लागला. "बोला," यंत्र म्हणालं.

आम्ही टाळ्या पिटल्या. आंबेकरवहिनींच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. आई मात्र डबीकडं नाही, वेताच्या खुर्चीकडं बघत होती. ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

निरूनं तो उखाणा तिच्याकडून आणखी चार वेळा म्हणवून घेतला आणि यंत्राला तिचा आवाज शिकवला. आमचे दोघांचे आवाज आधीच शिकवले होते. तिघांशिवाय ते कुणाचंच ऐकणार नव्हतं. आईनं फक्त दोन गोष्टी बजावल्या. घरात कॅमेरा नको, आणि आम्ही काय बोलतो ते कुठं साठवायचं नाही. निरूनं दोन्ही मान्य केलं. अरेतुरेचंही त्यानं तिच्यासाठी थोडं दुरुस्त केलं. सगळी कामं नीट चालली आहेत का हे बघायला तो आधी "बरा आहेस ना?" असं विचारायचा. ते बदलून त्यानं "बरे आहात ना?" केलं.

"हं, हे कसं माणसासारखं झालं," आई म्हणाली.

"विचार तू."

"तूच विचार."

निरूनं विचारलं. यंत्र म्हणालं, "सर्व सेवा सुरळीत सुरू आहेत."

निरू परत गेला. त्यानंतर आईला विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं. "छान चाललंय. दिवे लागतात, भजन लागतं, मोटर आपोआप बंद होते." आणि ते खरंच होतं, कारण यातलं बरंचसं निरूनं वेळेवर लावून ठेवलं होतं. सकाळी भजन, संध्याकाळी दिवे आणि पुन्हा भजन. त्याला तिकडं त्याच्या फोनवर सगळं दिसायचं. प्रत्येक सर्व्हिसपुढं एक हिरवा ठिपका.

संक्रांतीला मी गेले, तेव्हा आई दुपारी भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात आली आणि चाचपडून बटण दाबून तिनं दिवा लावला.

"यंत्राला का नाही सांगितलंस?"

"हात काय मोडलेत माझे?"

"आई, तू त्याला एकदा तरी हाक मारली आहेस का?"

तिनं तिळगुळाचा डबा माझ्याकडं सरकवला. "खा. मऊ झालेत यंदा."

मी त्याच दिवशी निरूला फोन करून सांगितलं. नाव बदल, ती हाक मारत नाही, काही झालं तर हा खोका शोभेचा आहे. तो म्हणाला, "उन्हाळ्यात येतोय ना, तेव्हा सगळं परत शिकवतो. इथून नाही जमणार. आणि ताई, वेळ आली की घेईल ती नाव. जीव काय नावापेक्षा मोठा नाही?" आईला हे कळलं. आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी एकदा फोनवर म्हणाली, "रोहिणी, तुला मला पुण्याला पाठवायची घाई झालीय का? मला इथं मरायचंय. ह्यांच्या घरात." आवाज चढवून नाही, अगदी हळू म्हणाली. मी पुन्हा तो विषय काढला नाही, काढून उपयोगही नव्हता.

होळीच्या पुढच्या दिवसांत, एका बुधवारी, तिनं फोन उचलला नाही. सकाळी मी दोनदा केला. तिचा तो जुना बटणांचा फोन फ्रिजवर असायचा. वाजला की ती हाताच्या सवयीनं उचलायची. कामाला येणारी शकुंतला गावच्या जत्रेला गेली होती. दुपारी मी पुन्हा फोन केला, मग आंबेकरवहिनींना केला. त्या बँकेत होत्या, संध्याकाळी घरी गेल्यावर बघते म्हणाल्या. मग मी निरूला उठवलं.

"थांब, बघतो," तो म्हणाला. मग त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखी वाटली. "अगं, सगळं हिरवं आहे. सकाळी भजन झालंय, मोटर चालून बंद झालीय, औषधाची आठवण दिलीय. दार बंद आहे. झोपली असेल."

"दिवसभर?"

"ताई, तू उगीच घाबरवतेस. काही झालं असतं तर तिनं हाक मारली असती ना."

मी शाळेतून तशीच स्टँडवर गेले आणि एसटीत बसले. अंकली येईपर्यंत स्वतःला समजावत होते, की बाथरूममध्ये असेल, शेजारी गेली असेल. शेजारी कुणी घरी नसतं हे मला माहीत होतं. पुलावरून नदी दिसली तेव्हा मी सीटवरून उठून दारापाशी जाऊन उभी राहिले.

घराशी पोचले तेव्हा अंधारायला आलं होतं आणि घर लग्नघरासारखं दिसत होतं. ओसरीवर, हॉलमध्ये, स्वयंपाकघरात सगळीकडं दिवे. आतून भजन मोठ्यानं चाललं होतं, टाळ-मृदंगासकट. आंबेकरवहिनी त्यांच्या फाटकात पर्स घेऊन उभ्या होत्या, नुकत्याच आल्या होत्या. "सगळं चालू दिसतंय हो," त्या म्हणाल्या. "भजन ऐकत बसल्या असतील."

मी आईला हाका मारल्या. भजनात त्या कुठल्या कुठं गेल्या. किल्ली निरूनं ठेवलीच नव्हती. मी फाटकापाशी त्या डबीसमोर उभी राहिले आणि माझ्या वडलांना हाक मारली.

"शशिकांत, दार उघड."

"बोला," तो म्हणाला आणि खट् करून कुलूप उघडलं. कसला आज्ञाधारक!

हॉलमध्ये कुणी नव्हतं. वेताची खुर्ची रिकामी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आई पडली होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. उजवा पाय भलताच वळलेला. साडी ओली झाली होती. डोक्यावर, छताला, ती गोल डबी. भजन इतकं जोरात, की तिचे ओठ हलताना दिसत होते पण ऐकू काहीच येत नव्हतं.

"शशिकांत, बंद कर!" मी किंचाळले. "बंद कर, बंद कर ते!"

एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत खालून आईचा कोरडा, घोगरा आवाज आला.

"वडलांना अरेतुरे करू नकोस गं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करू, पण वय आहे, इतका वेळ फरशीवर काढलाय, पाणी नाही, छातीत कफ धरलाय. पुढचं सगळं आधीच सांगून टाकते. ती त्या घरी परत गेली नाही. पुण्यालाही गेली नाही. निरू पोचला तेव्हा ती व्हेंटिलेटरवर होती, आणि त्याच्याशी एक शब्दही न बोलता गेली. तेराव्यानंतर त्यानं तो खोका कपाटातून काढला, मांडीवर घेतला आणि लहान मुलासारखा रडला. "एकदा नाव घेतलं असतं तर, ताई. एकदा. त्याला फक्त 'ताईला फोन लाव' म्हणायचं होतं. शेवटपर्यंत नाव घेतलं नाही ना गं तिनं?"

मी "नाही" म्हटलं. त्याला अजूनही तेच माहीत आहे. रीतीनं आई मारली असं तो म्हणतो, आणि त्याला कुणाला तरी दोष देता येतोय तोवर तो जगेल असं मला वाटतं. मला तेवढीही सोय नाही. कारण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, वॉर्डात आई आणि मी दोघीच होतो. तिला जरा हुशारी वाटत होती. मी चमच्यानं तिला पेज भरवत होते आणि मी विचारलं.

"दिवसभर पडून होतीस. हाक का नाही मारलीस गं?"

"मारल्या की. सकाळी भजन चालू होतं. ते संपल्यावर खूप ओरडले. दुपारी गल्लीत असतंय कोण? आंबेकरीण यायची वेळ झाली आणि परत भजन लागलं."

"मला म्हणायचंय, यंत्राला."

तिनं तोंडातली पेज गिळली आणि म्हणाली, "मारली."

मी चमचा वाटीत ठेवला. "कधी?"

"दुपारी. आधी उखाणाच सुचेना. आयुष्यभर दुसऱ्यांना करून दिले, आणि तिथं पडल्या पडल्या एक सुचेना. पायात कळा येत होत्या. नुसतं नाव घ्यायला गेले, तोंडातून फुटेना. तुला खोटं वाटेल, पण नाही फुटलं. मग उंबरा दिसला. एवढासाच दिसला, डोळ्यासमोरचा. आणि लग्नातला आठवला." तिनं डोळे मिटले आणि म्हणून दाखवला, हळू, शाळेतल्या कवितेच्या चालीवर.

"उजव्या पायानं माप ओलांडून घरात आले,
शशिकांतरावांची आजपासून झाले."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. 'बोला' म्हणाले."

"अगं आई, मग बोलायचं ना! रोहिणीला फोन लावा, एवढंच म्हणायचं होतं!"

"माहीत होतं मला. तेच म्हणणार होते. जुळवून ठेवलं होतं मनात." ती छताकडं बघत होती, तिथं तिला काही दिसत नव्हतं. "पण तीन वर्षं झाली गं. 'अहो' म्हणावं आणि कुणी 'बोला' म्हणावं, याला. ते यंत्र आहे, मला कळतं. येडी नाही मी. पण तोंडातून भलतंच निघून गेलं."

"काय?"

"'बरे आहात ना?'"

खिडकीबाहेर कुठली तरी गाडी स्टेशनात शिरत होती. आई तिचा आवाज जाईपर्यंत थांबली, नेहमी थांबायची तशी.

"काय म्हणाले?" मी विचारलं. मीही 'म्हणाले' म्हटलं, हे मला फार उशिरा कळलं.

"म्हणाले, सर्व सेवा सुरळीत सुरू आहेत." तिनं माझा हात चाचपून धरला. "मग मी पुन्हा त्रास नाही दिला."